‘स्वयंसेवक पाहिजेत’ : ट्रायलमधे नाव द्यायच्या आधी

मोठ्या हॉस्पिटलात, खास करून मेडिकल कॉलेजला जोडलेल्या सेंटरमधे, लिफ्टच्या बाजूला नाहीतर ओपीडीच्या बाहेर एखादा कागद चिकटवलेला असतो. ‘संशोधनासाठी स्वयंसेवक पाहिजेत. वय ४० ते ६५, टाइप २ डायबेटिस, इन्सुलिन चालू नसलेले. तपासण्या मोफत, येण्याजाण्याचा खर्च दिला जाईल.’ खाली एक नंबर. हे वाचून लोकांचे सरळ दोन तट पडतात. एक म्हणतो छे, आम्हाला काय गिनीपिग समजलात का. दुसरा म्हणतो अरे वा, नवीन औषध, तेही फुकट, वर मोठमोठे डॉक्टर लक्ष ठेवणार, लावा फोन. मला विचाराल तर दोघंही तो कागद चुकीचा वाचतायत, आणि त्यातल्या त्यात दुसरा जास्त, कारण पहिला निदान लांब तरी राहतो.

असा कागद बरेचदा ट्रायलसाठी, म्हणजे औषध माणसांवर तपासून बघायच्या चाचणीसाठी लावलेला असतो, आणि ट्रायल म्हणजे ट्रीटमेंट नाही. एवढं एकदा डोक्यात पक्कं बसलं की बाकीचं, म्हणजे ते नशिबावर गट पाडणं, खोटी गोळी, वीस पानी संमतीपत्र, सगळं आपोआप उलगडत जातं. तुम्ही नेहमीच्या डॉक्टरकडे जाता तेव्हा त्यांच्यापुढे एकच काम असतं, तुम्हाला बरं करायचं. गोळी मानवली नाही तर बदलतात, डोस कमीजास्त करतात, तुमचं वय बघतात, पोटाची तक्रार बघतात, कधीकधी खिसाही बघतात. ट्रायलमधे आधी एक प्रश्न ठरलेला असतो, समजा हे नवीन औषध जुन्यापेक्षा साखर जास्त उतरवतं का, आणि त्याचं उत्तर काढायला एक लेखी आराखडा असतो, त्याला प्रोटोकॉल म्हणतात, त्यात कुणाला घ्यायचं, डोस किती, कुठल्या दिवशी रक्त काढायचं, कधी थांबवायचं हे सगळं आधीच लिहिलेलं असतं आणि डॉक्टरच्या मनात आलं म्हणून त्यात बदल करता येत नाही. तुम्हाला फायदा झाला तर उत्तमच. पण स्टडी चाललेली असते ती तुमच्यानंतर येणाऱ्या पेशंटसाठी.

घोळ कुठे होतो तर तीच बिल्डिंग, तोच पांढरा कोट, बऱ्याचदा तेच डॉक्टर जे तुम्हाला वर्षानुवर्षं तपासतायत, त्यामुळे माणूस मनातल्या मनात धरून चालतो की माझ्यासाठी जे योग्य तेच मला देणार. अमेरिकेतले मानसोपचारतज्ज्ञ पॉल अ‍ॅपलबॉम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला ट्रायलमधल्या पेशंटशी बोलून हे नोंदवलं, की गट नशिबावर ठरणार आहेत हे नीट समजावून सांगितल्यावरसुद्धा कितीतरी जण म्हणत होते की डॉक्टरांनी माझी तब्येत बघून माझा गट ठरवला असेल. याला थेरप्युटिक मिसकन्सेप्शन असं भारदस्त नाव आहे. शिकलेली माणसं यात पडत नाहीत असं अजिबात नाही बरं का, आजारपणात आशा शिक्षण विचारत नाही.

सगळ्याच स्टडीत औषध नसतं

हे आधी सांगून टाकतो कारण नाव ऐकून घाबरणारे इथेच घाबरतात. बऱ्याच स्टडीज नुसत्या बघ्याच्या असतात, ऑब्झर्वेशनल. तुमची जी औषधं चालू आहेत ती चालू राहतात, फक्त ठरावीक काळाने तपासतात, प्रश्न विचारतात, रक्त घेतात. यातली सगळ्यात गाजलेली म्हणजे अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या फ्रॅमिंगहॅम गावातली. १९४८ साली सुरू झाली, ५२०९ माणसं, दर दोन वर्षांनी तपासणी, बस. कुणालाही कसलंही नवीन औषध दिलं नाही. त्या काळी कित्येक डॉक्टरांनाही वाटायचं की वय वाढलं की बीपी वाढणारच, त्यात काय एवढं. आज आपण बीपी, कोलेस्टेरॉल आणि सिगरेट यांची नावं हार्ट अटॅकबरोबर एका दमात घेतो त्यामागे या गावातल्या लोकांनी वर्षानुवर्षं दंडाला पट्टा बांधून घेतला हे मोठं कारण आहे. नंतर त्यांची मुलं त्या स्टडीत आली, मग नातवंडं. अशा स्टडीत धोका जवळपास सुई टोचण्यापुरताच, वेळ मात्र जातो. आणि खाजगी माहिती बाहेर जायची थोडी शक्यता असते, त्याबद्दल पुढे बोलू.

औषधाच्या स्टडीतले टप्पे

औषध माणसापर्यंत यायच्या आधी प्रयोगशाळेत आणि प्राण्यांवर तपासलेलं असतं. मग फेज १ येते, साधारण २० ते १०० माणसं, आणि बरेचदा ती ठणठणीत असतात, कारण इथे औषध लागू पडतं का हा प्रश्नच नसतो, शरीर ते किती सोसतं आणि किती वेळात बाहेर टाकतं एवढंच बघायचं असतं. हातात एक सुई लावून ठेवतात आणि पंधरा मिनिटांनी, अर्ध्या तासाने, तासाने असं पहिल्या दिवशी पुन्हापुन्हा रक्त काढतात, रात्री तिथेच झोपवतात. कॅन्सरसारख्या आजारात मात्र फेज १ पण पेशंटवरच करतात, ती औषधं निरोगी माणसाला देण्याजोगी नसतात. फेज २ मधे आजार असलेले काही डझन ते काहीशे लोक, डोस कुठला ठीक आणि काही फायदा दिसतोय का हे बघायला. फेज ३ मधे काहीशे ते काही हजार, कधी त्याहून कितीतरी जास्त, आणि इथे खरा सामना, नवीन विरुद्ध जुनं किंवा नवीन विरुद्ध खोटी गोळी. औषध बाजारात आल्यावरही लक्ष ठेवतात ती फेज ४. फेज १ मधे शिरलेल्या औषधांपैकी शेवटी मंजुरीपर्यंत पोचतं साधारण दहातलं एक. म्हणजे ‘नवीन’ या शब्दावर भाळून जाणाऱ्याने हा आकडा आधी लक्षात घ्यावा, नऊ वेळा ते नवीन औषध कुठेतरी गळलेलं आहे, काही चालत नाहीत म्हणून, काही त्रास देतात म्हणून, काही नुसती कंपनीला परवडत नाहीत म्हणून.

फेज १ बद्दल बोलायचं आणि टीजीएन १४१२ या औषधाची गोष्ट सोडून द्यायची असं करता येत नाही. मार्च २००६, लंडनच्या नॉर्थविक पार्क हॉस्पिटलच्या आवारातलं एक खाजगी रिसर्च युनिट, आठ निरोगी तरुण, सहांना औषध आणि दोघांना प्लसिबो, म्हणजे आत औषध नसलेला खोटा डोस. माकडांना सुरक्षित वाटलेल्या डोसच्या पाचशेव्या भागाएवढाच डोस होता. एकाला दिला, काही मिनिटांत दुसऱ्याला, मग तिसऱ्याला, आणि दीड तासाच्या आत पहिल्याला डोकं, पाठ, थंडी, उलट्या सुरू झाल्या तोपर्यंत सहाही जणांच्या अंगात औषध गेलेलं होतं. सगळे आयसीयूत, एकामागून एक अवयव दमायला लागले, रोगप्रतिकारशक्तीच बिथरली होती. सहाही जण वाचले पण एकाला हातापायाची बोटं गमवावी लागली. माणसाच्या ज्या पेशींवर हे औषध बटण दाबत होतं, माकडाच्या तशा पेशींवर ते बटणच नव्हतं, हे नंतर कळलं. चूक फक्त औषधाची नव्हती, घाईची पण होती. त्यानंतर युरोपात नियम बदलले, आता पहिल्यांदाच माणसात जाणारं औषध असेल तर आधी एक-दोघांनाच देतात, थांबतात, बघतात, मग पुढचे. म्हणून फेज १ ला जाणाऱ्याने एक प्रश्न थेट विचारावा, हे औषध माझ्याआधी किती माणसांना दिलंय आणि पहिल्या डोसनंतर दुसऱ्या माणसाला किती वेळाने देणार. उत्तर द्यायला समोरचा अडखळला तर समजून जा.

गट नशिबावर का पाडतात

लोकांना हाच भाग सगळ्यात जास्त खटकतो. मला जुनं मिळणार की नवीन हे कॉम्प्युटर ठरवणार? माझी तब्येत न बघता? हो, तुमची तब्येत न बघताच, आणि त्यालाच रँडमायझेशन म्हणतात.

कारण असं की आजार आपोआपही बरे होतात. ताप उतरतो, पाठ दुखायची थांबते, साखर महिनाभर पथ्य पाळलं की खाली येते, आणि त्याच सुमारास गोळी घेतलेली असली की श्रेय गोळीला जातं. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एक गाठ पडली, एवढंच. गोळीने फांदी तुटली का हे कळायचं असेल तर कावळा न बसलेल्या फांद्याही मोजाव्या लागतात. बरं डॉक्टरांनी स्वतः गट पाडले तर नकळत का होईना ते जरा धडधाकट पेशंट नव्या औषधाला देतील नाहीतर उलट जे फार आजारी आहेत त्यांना आधी देतील, आणि मग निकालात औषधाचा वाटा किती आणि मुळातल्या तब्येतीचा किती हे कुणालाच सांगता यायचं नाही. नशिबावर सोडलं की म्हातारे, तरुण, जाडे, बारीक, सिगरेट ओढणारे, न ओढणारे दोन्हीकडे साधारण सारखे पडतात, आणि जे आपल्याला माहीतच नाही असे फरकसुद्धा सारखे वाटले जातात. हे शेवटचं कुठल्याही हुशार डॉक्टरला हाताने जमत नाही.

ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च काउन्सिलने टीबीवरच्या स्ट्रेप्टोमायसिनची ट्रायल अशी केली, निकाल १९४८ साली छापला. १०७ पेशंट, ५५ जणांना औषध आणि पूर्ण विश्रांती, ५२ जणांना नुसती विश्रांती, कोण कुठे ते बंद पाकिटात. सहा महिन्यांत पहिल्या गटात ४ दगावले, दुसऱ्यात १४. आणि त्याच ट्रायलने हेही दाखवलं की काही महिन्यांत टीबीचे जंतू त्या औषधाला सरावतात, म्हणजे एकट्या औषधाने भागणार नाही. आज टीबीला एकदम तीन-चार गोळ्या देतात त्याचं मूळ इथे आहे. त्या ५२ जणांना मात्र आपण कुठल्या स्टडीत आहोत याचा पत्ताही नव्हता, कुणी सांगितलंच नव्हतं. विज्ञान म्हणून नमुनेदार, माणुसकी म्हणून आज एकही इथिक्स कमिटी, म्हणजे स्टडीत माणसांना नीट वागवतायत ना हे तपासणारी समिती, पास करणार नाही असं.

आता खोटी गोळी, प्लसिबो. दिसायला अगदी खऱ्यासारखी, आत औषध नाही. बहुतेक वेळा तुम्हालाही माहीत नसतं आणि तुम्हाला तपासणाऱ्या डॉक्टरलाही नसतं की तुमच्या बाटलीत काय आहे, कारण माहीत असलं की माणूस तसं वागतो, तसं बोलतो, तसंच त्याला वाटायला लागतं. कोविड लसींच्या ट्रायल्समधे नुसतं मिठाचं पाणी टोचलेल्या लोकांपैकीसुद्धा साधारण एक तृतीयांश लोकांनी पहिल्या डोसनंतर डोकेदुखी, थकवा असले त्रास सांगितले होते. ते खोटं बोलत नव्हते हो, त्यांना खरंच होत होतं. इमर्जन्सी आलीच तर तुमच्या बाटलीत काय होतं ते उघड करायची सोय चोवीस तास ठेवलेली असते.

खोटी गोळी मिळाली म्हणजे आपण फसलो असं मनात येणं साहजिक आहे. त्यावर उतारा म्हणून कास्ट नावाची ट्रायल लक्षात ठेवा. हार्ट अटॅक येऊन गेलेल्या लोकांचे ठोके मधेच चुकतात आणि असे ठोके चुकणारे जास्त दगावतात, हे माहीत होतं. मग ठोके सुधारणारी औषधं द्या की, सरळ आहे, आणि डॉक्टर देतही होते, जगभर. १९८०च्या दशकात अमेरिकेत कुणीतरी म्हटलं एकदा तपासून बघू. एनकेनाइड आणि फ्लेकेनाइड, दोन औषधं. ७५५ जणांना औषध, ७४३ जणांना प्लसिबो. ठोके औषधाने खरोखर सुधारले. आणि मेले किती? औषधवाले ६३, प्लसिबोवाले २६. १९८९ मधे ट्रायलचा तो भाग मधेच बंद केला. ज्यांना आपण फसलो असं वाटलं असतं तेच बचावले, आणि ट्रायल झाली नसती तर ती औषधं आणखी किती वर्षं बिनबोभाट चालली असती कोण जाणे. मधेच बंद कुणी केलं? अशा मोठ्या ट्रायलवर एक वेगळी समिती असते, तिचा कंपनीशी किंवा ट्रायल करणाऱ्या डॉक्टरांशी संबंध नसतो, तिला मधूनमधून झाकलेले आकडे उघडून बघायचा अधिकार असतो. तुमच्या स्टडीला अशी समिती आहे का हे विचारायला काहीच हरकत नाही.

आणि एक, गंभीर आजाराला चांगलं औषध आधीच उपलब्ध असताना नुसती खोटी गोळी देऊन पेशंटला वाऱ्यावर सोडणं मान्य नाही. अशा वेळी जुनं औषध विरुद्ध नवीन अशी तुलना करतात, किंवा सगळ्यांना जुनं चालू ठेवून त्याच्यावर एकाला नवीन आणि एकाला खोटी. कॅन्सरच्या ट्रायल्स बऱ्याचशा अशाच असतात.

तुम्ही हो म्हणालात तरी ते नाही म्हणू शकतात

फोन केला, गेलात, रक्त दिलं, आणि मग कळलं की तुम्ही बसत नाही. याला स्क्रीनिंगमधे गळणं म्हणतात आणि हे फार होतं, वाईट वाटून घेऊ नका. किडनीचा आकडा थोडा वर, दुसरी एखादी गोळी चालू, मागच्या दोनेक महिन्यांत दुसऱ्या स्टडीत होता, दिवस राहण्याची शक्यता आहे, काहीही. काही अटी तुमच्या जिवासाठी असतात, काही उत्तर स्वच्छ यावं म्हणून. पण या चाळणीचा एक तोटा आहे आणि तो लपवण्यात अर्थ नाही. जितकी बारीक चाळणी तितके आत आलेले लोक खऱ्या पेशंटपासून लांब. अमेरिकेत १९७७ च्या एका सरकारी सूचनेमुळे मूल होऊ शकेल अशा वयाच्या बायकांना सुरुवातीच्या ट्रायल्समधून बाहेरच ठेवलं जायचं, ते १९९३ मधे बदललं. झोल्पिडेम नावाची झोपेची गोळी कित्येक वर्षं बायका आणि पुरुष सारख्याच डोसमधे घेत होते, २०१३ मधे तिथल्या एफडीएने, म्हणजे औषधांवर नियंत्रण ठेवणाऱ्या सरकारी खात्याने, बायकांचा डोस १० वरून ५ मिलिग्रॅमवर आणला, कारण बायकांच्या रक्तात ती सकाळपर्यंत जास्त उरते आणि त्याच अवस्थेत त्या गाडी चालवत होत्या. म्हणून आता सेंटर्स मुद्दाम सांगतात की आम्हाला बायका पाहिजेत, वयस्क पाहिजेत, वेगवेगळ्या वंशाचे लोक पाहिजेत.

चाळणीतून पार व्हायला खोटं बोलू नका, हे मात्र हात जोडून सांगणं. पैशासाठी एका स्टडीतून दुसऱ्या स्टडीत उड्या मारणारे लोक असतात, आधीचं औषध अंगातून गेलेलं नसतं, वर नवीन. त्यात स्वतःचा जीव तर आहेच, शिवाय निकाल पण नासतो आणि तो निकाल बघून उद्या दुसऱ्या कुणाला डोस मिळणार असतो.

संमतीपत्र

हे लांबलचक असतं, कंटाळवाणं असतं, आणि त्यातला निम्मा मजकूर वकिलांसाठी लिहिलेला असावा असं वाटतं. तरी ते अस्तित्वात का आलं ते बघा. अमेरिकेत अलाबामा राज्यात टस्कीगी इथे १९३२ पासून सरकारी आरोग्य खात्याने सुमारे ६०० गरीब कृष्णवर्णीय पुरुषांवर एक स्टडी चालवली, त्यातल्या ३९९ जणांना सिफिलिस हा गुप्तरोग होता. त्यांना सांगितलं तुमचं रक्त खराब आहे, आम्ही इलाज करतोय. इलाज करतच नव्हते. आजार शेवटपर्यंत कसा वाढत जातो एवढंच बघत होते. १९४०च्या दशकात पेनिसिलिन आलं, सिफिलिस त्याने बरा होतो हे जगाला कळलं, तरीही दिलं नाही. १९७२ मधे वर्तमानपत्रात छापून आलं तेव्हा थांबलं. चाळीस वर्षं! आणि हे नाझी डॉक्टरांवरच्या खटल्यातून १९४७ साली न्यूरेंबर्ग कोड आल्यानंतरही चालू होतं, ज्याचं पहिलंच कलम माणसाची स्वखुशीने संमती हवी असं सांगतं, आणि माणसांवरच्या संशोधनाची तत्त्वं सांगणाऱ्या १९६४ च्या हेलसिंकी जाहीरनाम्यानंतरही. नुसतं कागदावर तत्त्व असून भागत नाही म्हणून मग प्रत्येक स्टडी सुरू होण्याआधी एका स्वतंत्र इथिक्स कमिटीने ती तपासायची ही पद्धत पक्की झाली. तुमच्या हातातल्या कागदावर त्या कमिटीचा नंबर असतो, डॉक्टरांचा वेगळा आणि कमिटीचा वेगळा. तक्रार असली तर कमिटीला थेट फोन करता येतो.

कागद घरी न्या. घाईघाईत तिथेच सही मागत असतील तर तेच मोठं उत्तर आहे. घरच्यांना दाखवा, नेहमीच्या डॉक्टरांना दाखवा, आणि वाचताना माझ्या मते एक गोष्ट आधी शोधा, मी या स्टडीत नाही आलो तर मला कुठली ट्रीटमेंट मिळेल. हे लिहिलेलं असतं, असावंच लागतं, पण लोक औषधाच्या नावावर आणि साइड इफेक्टच्या यादीवर एवढे अडकतात की हा परिच्छेद वाचतच नाहीत. बाहेर चांगली ट्रीटमेंट असेल तर तुमचा हिशोब वेगळा आणि बाहेर काहीच उरलं नसेल तर वेगळा. मग बघा की काही इजा झाली तर खर्च कोण करणार, स्टडीचा विमा आहे का. चालू गोळ्या बंद कराव्या लागणार का आणि किती दिवस. काही स्टडीत औषध सुरू करण्याआधी जुनं औषध धुऊन काढायला दोन-चार आठवडे रिकामे ठेवतात, त्या काळात बीपी किंवा साखर वर जाऊ शकते, आणि हे लोकांना नंतर कळतं. किती वेळा यावं लागेल, प्रत्येक वेळी किती तास. नोकरी सांभाळून जमेल का, हे कुणी तुमच्यासाठी विचारणार नाही.

रक्त, टिश्यू, जीन्स यांचं नंतर काय होणार हे वेगळं वाचा. बरेचदा ‘भविष्यातील संशोधनासाठी साठवण्यास परवानगी’ असा एक वेगळा चौकोन असतो, तो न भरताही मुख्य स्टडीत राहता येतं की नाही ते विचारा. तुमच्या नावाऐवजी कोड नंबर वापरतात, पण कोडवरून नावापर्यंत पोचायची किल्ली कुठेतरी असतेच, आणि ती कुणाकडे असते हा प्रश्न योग्य आहे.

सही केली म्हणजे संपलं असंही नाही. मधेच एखादा नवीन धोका समोर आला तर त्यांनी तुम्हाला सांगायचं असतं आणि पुन्हा संमती घ्यायची असते.

पैसे

वेळेचे आणि प्रवासाचे पैसे देणं ठीक आहे. धोका जास्त म्हणून पैसे जास्त, किंवा शेवटपर्यंत टिकलात तरच सगळी रक्कम नाहीतर शून्य, हे ठीक नाही, कारण मग त्रास होत असतानाही माणूस तोंड मिटून बसतो.

उलटा प्रकार जास्त वाईट. स्टडीत यायचे पैसे तुमच्याकडेच मागतायत असं दिसलं की सावध व्हा. अमेरिकेत फ्लोरिडातल्या एका क्लिनिकने डोळ्याच्या पडद्याच्या आजारावर स्टेम सेल, म्हणजे नव्या पेशी बनवू शकणाऱ्या मूळ पेशी, टोचायचे प्रत्येकी ५००० डॉलर घेतले होते, तीन वयस्क बायकांना २०१५ मधे दोन्ही डोळ्यांत एकाच दिवशी टोचलं, आणि तिघींची नजर जवळपास गेली. २०१७ मधे मेडिकल जर्नलमधे हे प्रकरण छापून आलं. त्या क्लिनिकच्या अभ्यासाची नोंद सरकारी ट्रायल रजिस्ट्रीवर होती, आणि हाच भाग लोकांना माहीत नसतो. रजिस्ट्रीवर नाव असणं गरजेचं आहे पण तेवढं पुरेसं नाही, रजिस्ट्री म्हणजे नोंदवही आहे, शिफारस नव्हे. त्या प्रकारात तुलनेला दुसरा गट नव्हता, एका डोळ्यावर आधी करून बघू हा साधा विचारही नव्हता. तरी रजिस्ट्री बघा जरूर, नाव टाकलं की स्टडीचा प्रश्न काय, किती लोक घेणार, पैसा कुणाचा, हे सगळं उघड दिसतं.

मधेच सोडायचं असेल तर

कधीही सोडता येतं, कारण न देता. तुमच्या नेहमीच्या ट्रीटमेंटवर त्याचा परिणाम होता कामा नये, हे लेखी असतं. पण सोडायचं म्हणजे फोन उचलायचा बंद करायचं असं नको. काही औषधं एकदम थांबवली तर उसळून त्रास देतात, हळूहळू उतरवावी लागतात, शिवाय शेवटची एक तपासणी करून घेतलेली तुमच्याच भल्याची. ‘औषध सोडतो पण तपासायला येत राहीन’ असंही बऱ्याच ठिकाणी चालतं. तोपर्यंतचा डेटा साधारणपणे तसाच ठेवतात, तो परत मागता येत नाही, कारण त्रास झालेले लोक आपापली माहिती घेऊन निघून गेले तर औषध आहे त्यापेक्षा चांगलं दिसायला लागेल.

स्टडी नीट पूर्ण झाली तरी एक धक्का बसू शकतो. औषध तुम्हाला छान लागू पडलं आणि शेवटच्या तारखेला ते बंद. मंजुरी मिळेपर्यंत बाजारात नाही, कंपनी पुढे देईलच असं नाही, काही ठिकाणी पुढे चालू ठेवायची वेगळी स्टडी असते, काही ठिकाणी नसते. हे सही करायच्या आधीच विचारायचं. निकाल यायला पण वर्षं लागू शकतात, कारण शेवटचा माणूस पूर्ण झाल्याशिवाय सहसा कुणाला काय मिळालं ते उघड करत नाहीत. मग तुम्ही कुठल्या गटात होता हे मागून घ्या, मिळतं ते, आणि घरच्या फाइलमधे औषधाच्या नावासकट लिहून ठेवा, म्हणजे पुढे कधी कुठल्याही डॉक्टरने आधी काय काय घेतलंय असं विचारलं की नुसतं ‘एका स्टडीत होतो’ असं मोघम सांगायची वेळ येत नाही.